न्हाल्यापासनं मोजलेले दिस

मी नोकरीत काय वाहायचो त्ये पयलंच सांगून टाकतो. दिवाळीचा अंक हाय, कुनी चकली खात खात वाचत आसंल तर त्येनं आधी चकली संपवावी. मी बायकांचं मूत वाहायचो. नगरच्या एका दवाखान्यासाठी. सायकलीवरनं, यष्टीनं, कवा डोक्यावरनं. झालं. आता हासून घ्या, मी थांबतो.

लिहाय-वाचाय मला येत न्हाई. अंकवाली मानसं यंत्र घेऊन आली, मी बोललो, त्यांनी उतरवलं. बोलता बोलता मी सारखा उठून अंगनात चक्कर मारून यायचो, त्येबी बिचाऱ्यांनी सोसलं. मला एका जागी बसवत न्हाई. ह्या गोष्टीवर तर मुळीच बसवत न्हाई.

आकडे मातर येत्यात. त्ये दुधावर शिकलो. आधी मी दुधाच्या कॅनी वाहायचो, सायकलीला दोन अंगाला दोन. आठवड्यातनं दोनदा पडायचो. राहुरीच्या रस्त्याला असा एक खड्डा न्हाई ज्येला माझ्या हातनं दूध मिळालं न्हाई. शेवटी डेरीच्या साहेबांनी हात जोडले, "दगडू, तुझ्यापरीस गाढव बरं. त्ये निदान चार पायांवर उभं ऱ्हातं." त्याच सुमाराला, एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट, दवाखान्यात एक डॉक्टरीनबाई पुन्याहून आल्या हुत्या. त्यास्नी गावं ठाऊक असनारा, ओझं वाहनारा गडी पायजे हुता. मी जाऊन उभा राहिलो.

बाई म्हनल्या, "पडतोस का रे सायकलवरून?"

मी म्हनलं, "छ्या!"

ही नोकरीतली माझी पयली थाप.

आता धंदा समजून घ्या. बाईंनी मला समजावला तसा सांगतो, चुकलं तर डोकं माझं. बाईमानसाच्या अंगात महिन्याला एक बीज तयार व्हतं. महिन्याच्या मधी त्ये सुटतं. सुटलं का अंगात एक रस वाढाय लागतो, गर्भासाठी गादी घालाय. गर्भ न्हाई राहिला, का रस उतरतो, गादी मोडती, आन बाई बाहेर बसती. मंग फिरून पयल्यापासनं. तर ह्यो रस वापरून झाला का त्येचा चोथा लघवीतनं बाहेर पडतो. चोथा मोजला का कळतं, बीज सुटलं का न्हाई. रक्तातनं मोजायची यंत्रं मोठ्या शहरात नुकती येत हुती म्हनं. आमच्याकडं बाटली हुती आन दगडू हुता.

मोजायचं काम ओहोळभाऊसाहेबांचं. सडपातळ मानूस, रविवारी चर्चमधी पेटी वाजवायचे आन बाकी सहा दिस लघवी उकळायचे. तेजाब घालून उकळायची, औषिधात घुसळून चोथा येगळा काढायचा, धुवायचा, सुकवायचा. दोन दिस त्येच. शेवटाला काचेच्या नळीत कडक तेजाब सोडायचं. रस आसंल तर नळी पिवळी व्हायची. जेवढी पिवळी तेवढा रस. न्हाई तर पान्यावानी पांढरी. मंग भाऊसाहेब ती नळी एका डब्यात घालून आकडा वाचायचे, पन मला दारातनंच कळायचं. मी दोन वर्सांत अर्धा डाक्टर झाल्तो. अर्धा डाक्टर लई वाईट, पुढं सांगतोच.

एका बाईच्या दोन बाटल्या लागायच्या. दहाव्या दिवसाची एक, एकविसाव्याची एक. दहाव्याची पांढरी आन एकविसाव्याची पिवळी आली, का बीज सुटतंय. दोनीबी पांढऱ्या, तर न्हाई. आन बाटली म्हंजी पुऱ्या दिसरात्रीची. सकाळी उठल्यावरची पयली फेकून द्यायची, तिथनं दुसऱ्या सकाळच्या पयलीपतोर समदी बाटलीत. थेंब सांडायचा न्हाई. बाटल्या मोठ्या, तपकिरी काचेच्या, लाकडी पेटीत भुसा भरून मी न्यायचो. दूध सांडलं तर दुसऱ्या दिशी म्हस परत देती. ह्ये सांडलं तर महिनाभर थांबा.

दारूबंदीच्या एका नाक्यावर हवालदारानं मला आडवलं. तपकिरी बाटली, भुसा, आन माझं थोबाड. त्येची खात्रीच झाली.

"काय हाय रं?"

"औषिध हाय साहेब."

"असली औषिधं मी रोज पकडतो," म्हनून त्येनं बूच काढलं आन नाक पार आत घातलं. पुढं दोन वर्सं त्या नाक्यावर मला कुनी थांबवलं न्हाई. उलट लांबनंच हात हलवायचे, जा जा.

देवळाली प्रवऱ्याची एक बाई हुती, ऊसवाल्या घरातली. तिची बाटली गळ्यापतोर भरलेली आली. भाऊसाहेबांनी त्यात काचेची तरंगती कांडी सोडली, दूध बघत्यात तसली. कांडी गपकन खाली गेली.

"दगड्या," भाऊसाहेब म्हनले, "दुधवाल्याची जुनी सवय गेली न्हाई व्हय तुझी?"

मी आनाभाका घेतल्या. देवाची घेतली, त्यांच्या येशूची घेतली. कुनी ऐकंना. शेवटी बाईंनीच मला परत पाठवलं, जाऊन विचार. गेलो. ती बाई म्हनली, "अवो दादा, आर्धीच भरली हुती. आर्धं भांडं कुनाच्या घरी पाठवत्यात का? काय म्हनतील डाक्टरीनबाई? मंग घातलं तांब्याभर पानी." म्हनजे बघा, शेजारनीची वाटी रिकामी परत द्यायची न्हाई, ह्या रिवाजापायी तीन आठवड्यांचं काम पान्यात. मी आपला लई हासलो. म्हनलं, काय अडानी बायका असत्यात! ह्ये वाक्य ध्येनात ठेवा, मला त्येची अजून लाज वाटती.

आता दिस मोजायची गोष्ट. दहावा आन एकविसावा म्हनलं, तर पयला कोनता त्ये कळाय पायजे. बाई सांगायच्या, "दगडू, पाळीचा पहिला दिवस नीट विचारून ये." मी म्हनायचो, "व्हय बाई." आन गावात जाऊन मी काय विचारायचो? पस्तिशीचा गडी मी, मिशा राखलेल्या. परक्याच्या दारात उभं राहून त्येच्या सुनंला विचारू, का बाई तुला कावळा कवा शिवला? मला माझ्या बायकूला विचारता येत न्हवतं. मंग मी विचारायचो, "वैनी, कवा न्हाला?" त्याबी मान खाली घालून सांगायच्या, "सोमवारी न्हाले." झालं. सोमवार पयला.

मला त्यात काई वावगं दिसलंच न्हाई. आमच्याकडं बाई चार दिस कोपऱ्यात बसायची, शिवायची न्हाई, चुलीकडं यायची न्हाई, पाचव्या दिशी डोक्यावरनं पानी घेतलं का घरात. बाहेरचे चार दिस कुनी धरतच न्हवतं. घरच धरत न्हाई तर मी कशाला धरू?

आता हौसाबाईचं सांगतो. जरा थांबा, पानी पिऊन येतो.

मिरजगावापासनं दोन कोसावर एक वस्ती. तिथं नामदेव म्हनून गडी, त्येची बायकू हौसाबाई, आन त्येची आय यसाबाई. लगीन हुऊन आठ वर्सं, घरात पाळना न्हाई. म्हातारी वाईट न्हवती, पन तिला नातवाची घाई झाल्ती. हौसाबाई कुनाकडनं तरी ऐकून सोताहून नगरला आल्ती, एकलीच. बाईंना म्हनली, "माझ्यात काय हाय आन काय न्हाई त्ये मला सांगा. मंग मी बघते." मला ती बाई तवाच भारी वाटली.

तिच्या दोन बाटल्या मी आनल्या. न्हाल्यापासनं दहाव्या दिसाची एक, एकविसाव्याची एक. मी दारात उभा. पयली नळी पांढरी, ती असायचीच. दुसरीत भाऊसाहेबांनी तेजाब सोडलं. मी वाट बघितली. पांढरीच.

बाईंनी चिठ्ठी दिली, बंद पाकिटात. म्हनल्या, "फक्त हौसाबाईच्या हातात द्यायची. आणि तिला पुन्हा बोलावलंय म्हणून सांग, एका वेळेच्या तपासणीवर मी काही ठरवत नाही." एवढं साधं काम. मी वस्तीवर गेलो तर हौसाबाई घरी न्हवती, दुष्काळाच्या कामावर खडी फोडाय गेल्ती. वसरीवर म्हातारी बसल्याली. तिनं मला च्या दिला, गूळ जास्तीचा घालून. आन विचारलं, "दादा, तुमी तर रोज तिथंच असता. काय दिसलं वो?"

एवढ्या मानानं मला तोवर कुनी विचारलं न्हवतं. मी बशी खाली ठेवली, मिशीवरनं हात फिरवला आन म्हनलं, "पिवळं झालंच न्हाई बघा. बीजच सुटत न्हाई."

अर्धा डाक्टर म्हनलं हुतं ना मघाशी, तो ह्यो.

पाकीट मी म्हातारीजवळच ठेवलं आन आलो. रस्त्यानं शीळ घालत आलो, ह्येबी सांगतो, लपवत न्हाई.

महिनाभरानं त्याच अंगाला दुसऱ्या एका वाडीत जायचं हुतं. तो भयान दुष्काळ. हिरी आटल्याल्या, पिपाच्या बैलगाडीनं पानी यायचं, त्येबी आलं तर आलं. तिथली बाई हुती चंद्राबाई, तोंडानं तिखट. मी उंबऱ्याबाहेरनं विचारलं, "वैनी, कवा न्हाला?"

"न्हाले? कशानं न्हाऊ? प्यायला पानी न्हाई. आठ दिस झालं, पान्याची गाडी आली का न्हायची."

मी म्हनलं, "आसू द्या. मंग गाडी आल्यावर पयला दिस धरू."

चंद्राबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं कोंबडा अंडं देतो म्हनल्यावर बघत्यात. "काय वो दादा, पानी न्हाई म्हनून माझं दिस थांबल्यात व्हय? अंगात काय व्हायचं त्ये कवाच सुरू झालं. न्हानं तर वरनं असतंय."

मी म्हनलं, "म्हंजी?"

"म्हंजी काय? बाहेर बसले तवापासनं आज तेरावा दिस. तुमी कुठनं मोजताय?"

मी सायकलीचा दांडा धरून उभा राहिलो.  आकडे येत्यात ना मला, त्येच मारायला उठले. पाचव्या दिशी न्हाली, तो मी पयला धरला. म्हंजी माझा एकविसावा खरा पंचविसावा. भाऊसाहेब एकदा म्हनले हुते, पाळी जवळ आली का रस उतरतो. ज्या बाया तिसाव्या दिशी बाहेर बसत्यात त्यांचं पंचविसाव्यालाबी पिवळं दिसायचं, म्हनून चूक कुनाला कळली न्हाई. पन जिची लवकर येत आसंल तिची बाटली मी रस उतरल्यावर आनली आसंल. पांढरी न्हाई यायची तर काय यायची?

आन मी तिच्या सासूच्या वसरीवर बसून मिशीवरनं हात फिरवला हुता.

चंद्राबाई म्हनली, "दादा, झीट आली का? बसा."

मी म्हनलं, "बसवत न्हाई."

यष्टीला वेळ हुता तर मी थांबलोच न्हाई, सायकल हानली. घोगरगावापतोर गेलो, तिथं मागनं यष्टी आली, सायकल टपावर टाकली. आत जागा हुती तरी नगरपतोर उभा. दवाखान्यात पयलं भाऊसाहेबांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, नळ्या धुवायचं थांबवलं न्हाई.

"कुनाला सांगितलंस का?"

"तुमालाच."

"मंग च्या पी आन गप बस. नवीन बायांचं नीट विचार. जुनं उकरलंस तर तुझी नोकरी जाईल, दोन वर्सांचं माझं काम कचऱ्यात जाईल, आन बाईंना पुन्याला काय त्वांड ऱ्हाईल?"

मला त्ये पटलं. खरंच सांगतो, पटलं. मी च्या प्यायलो. मंग वऱ्हांड्यात गेलो, परत आलो. झाडाखाली गेलो, परत आलो. तिसऱ्यांदा आलो तवा भाऊसाहेबांनीच नळी खाली ठेवली. "जा बाबा, सांग जा. तुझ्या येरझाऱ्यांनी माझी भांडी हालायला लागली."

बाईंसमोर उभा राहिलो. समदं सांगितलं. चिठ्ठीचंबी सांगितलं, म्हातारीचंबी. बाई आरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"दगडू, तुला पाळी हा शब्द तोंडातून काढायची लाज वाटली?"

"व्हय बाई."

"आणि बीज सुटत नाही हे सांगताना नाही वाटली?"

 मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिलो.

मंग बाईंनी समद्या बायांची कार्डं टेबलावर काढली. कुनाची न्हाल्याची तारीख काय, कुठल्या घरात चौथ्या दिशी न्हात्यात, कुठं पाचव्या, मला समदं तोंडपाठ हुतं. मी सांगत गेलो, बाई खोडत गेल्या. पाच कार्डं अशी निघाली का ज्यांना आमी पांढरं म्हनून सांगून बसल्तो आन ज्यांचा भरवसा उरला न्हाई. त्यातल्या चौघींकडं पुढं मी गेलो. दोघींची बाटली परत आनली. एकीला दिस गेल्याले हुते, आमाला न विचारता. चौथीला माहेरी पाठवून दिल्ती, आन माहेरच्यांनी दार उघडून सांगितलं, ती इथं न्हाई. कुठं गेली त्ये कुनी बोललं न्हाई. तिचं नाव मी सांगनार न्हाई. पन त्ये गाव आलं का आजबी मी यष्टीत उभा ऱ्हातो.

पाचवी हौसाबाई.

बाईंनी हिशेब शिकवला. "अठ्ठावीस दिवसांनी येत असेल तर एकविसावा. जितके दिवस कमी, तितके त्यातून वजा. आणि पहिला म्हणजे रक्त दिसलं तो. म्हण बघू."

मी म्हनलं, "रक्त दिसलं तो."

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हनलं. वऱ्हांड्यातनं दोन नर्सा डोकावल्या.

दुसऱ्या दिशी, बेस्तरवारी, वस्तीवर गेलो. अंगनात सारवान केल्यालं. यसाबाई, नामदेव, भावकीतले दोन म्हातारे बसल्याले. हौसाबाई एका बाजूला जोंधळं पाखडत हुती. मला बघून तिनं सूप थांबवलं न्हाई.

म्हातारी म्हनली, "या दादा. बरं झालं सांगितलंत. नामदेवाला दुसरी पोरगी बघितली. बुधवारी सुपारी फोडायची. तुमीबी या."

 मी म्हनलं, "मावशे, मी चुकलो. ती बाटली चुकीच्या दिसाची हुती. परत आनाय लागंल."

"आता कशाला परत? एकदा झालं न्हवं?"

"तो दोष तिचा न्हाई, माझा हाय. मी दिस चुकीचं मोजलं."

भावकीतला एक म्हातारा म्हनला, "ह्येला कुनी काई दिलं का काय?"

मी त्येच्याकडं बघितलं न्हाई. हौसाबाईकडं वळलो आन सगळ्या अंगनाला ऐकू जाईल असं विचारलं, "वैनी, तुमी बाहेर कवा बसला? न्हाल्याचं नको. रक्त कवा दिसलं त्ये सांगा."

सूप थांबलं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. नामदेव उठून गोठ्याकडं गेला. एका म्हाताऱ्यानं "शिव शिव" केलं. मला वाटलं आता पायतान बसतंय.

हौसाबाई उभी राहिली. माझ्याकडं बघत म्हनली, "आज सतरावा दिस."

"आन किती दिसांनी येती?"

"सव्वीस. कवा पंचवीस. दर वख्ताला लवकरच."

सव्वीस म्हंजी दोन कमी. एकवीसातनं दोन गेले, एकोनीस. मी बोटं मोडत म्हनलं, "परवा सकाळपासनं बाटली भरा. आयतवारी सकाळी मी न्यायला येतो."

"न्हाई भरत," ती म्हनली. "मला काय गाय समजलात? तुमी यायचं, भर म्हनायचं, मी भरायचं. तुमी जाऊन सांगायचं, न्हाई म्हनून. परत यायचं, भर म्हनायचं. आन परत पांढरं आलं मंजी? एकदा मेले, दोनदा कशाला मरू?"

 थट्टाबी सुचली न्हाई, आन मला थट्टा सुचली न्हाई म्हंजी समजा. मी पेटी उघडली, बाटली काढून तिच्या सुपाशेजारी ठेवली, आन बोललो, "नका भरू. पन बाटली ऱ्हाऊ द्या." आन निघालो.

शनवार कसा गेला त्ये इचारू नका. दवाखान्याची सायकल मी तीनदा पुसली. आयतवारी पयल्या यष्टीनं गेलो. हौसाबाई वाटंवर, बाभळीखाली उभी हुती. टोपल्यात बाटली, वर फडकं. आर्धीबी भरल्याली न्हवती.

म्हनली, "प्यायला पानी न्हाई तर मुतायचं कुठनं? पन थेंब सांडला न्हाई. खडीवर बायांनी भवतीनं लुगड्यांचा आडोसा धरला. मुकादम इचारतोय, काय चाललंय? बाया म्हनल्या, देवी हाय, लांब ऱ्हा."

मी म्हनलं, "वैनी, पानी तर न्हाई ना घातलं?"

तिनं असं बघितलं का मी गप पेटी बंद केली. ती बाटली मी मांडीवर घेऊन नगरला आनली. पोटच्या पोराला कवा एवढं धरलं न्हवतं.

सोमवार उकळन्यात गेला. मंगळवारी भाऊसाहेबांनी मला दारातनं हाकललं, "तू बाहेर जा, तुझा श्वास नळीला लागतो." मी खिडकीशी गेलो. तिथनंबी हाकललं. पार दुपार उतरल्यावर त्यांनी हाक मारली. मी आत गेलो तर त्यांनी नळी उजेडाकडं धरल्याली. मी काय बघितलं त्ये सांगतो. बाभळीच्या फुलाचा रंग. गच्च पिवळी. भाऊसाहेबांनी आकडा वाचला, परत वाचला, मंग बाईंना बोलावलं. बाईंनी नळी सोता उजेडाला धरली. मंग म्हनल्या, "बीज सुटतंय. या वेळी चिठ्ठी कुणाच्या हातात द्यायची?"

"हौसाबाईच्या."

बुधवारी पयली यष्टी. सुपारी दुपारची हुती, तरी हौसाबाईला खडीवर पाठवल्याली. घरात नको म्हनून पाठवली आसंल. मी तिला तिथंच गाठलं. चिठ्ठी दिली. तिलाबी वाचता येत न्हवतं. आमी दोघं अडानी त्या कागदाकडं बघत उभे.

म्हनली, "तोंडानं सांगा."

"पिवळं आलं. गच्च. तुमच्यात काई खोट न्हाई."

तिनं हातोडी खाली ठेवली.  मुकादम वरडला, "ए हौसे, कुठं चालली?" ती म्हनली, "घरी काम हाय." आन चालाय लागली. मी मागनं सायकल ढकलत.

अंगनात पावनी मंडळी आल्याली. यसाबाई मला बघून म्हनली, "काय झालं दादा?" मी त्वांड उघडलं तर हौसाबाई म्हनली, "तुमी गप बसा. मागच्या वख्ताला तुमीच बोलला." आन सासूकडं वळून म्हनली, "आत्याबाई, बीज माझं सुटतंय. सुपारी फोडायची तर फोडा. पन आधी ह्यांनी नगरला जाऊन यायचं. ह्यांनी. मी न्हाई."

 म्हातारी नामदेवाकडं बघती, नामदेव जिमिनीकडं. आन मंग पोरीचा बापच उठला, टोपी डोक्यावर घातली, म्हनला, "आमी मागाहून कळवू."

त्यांनी कळवलं न्हाई. दुसरी बायकू त्या घरात आली न्हाई, एवढं सांगून टाकतो, तुमचा जीव टांगनीला नको. पुढं त्यांना पोर झालं का न्हाई, त्ये मला इचारू नका. त्ये हौसाबाईनं सांगायचं. तिच्या घरचं मी एकदा सांगून बसलो, तेवढं बास.

त्या रातीला मी मिरजगावलाच राहिलो, आन दुसऱ्या दिशी सकाळी नामदेव आन मी मिरजगावच्या थांब्यावर यष्टीत चढलो. धोतर धुतल्यालं, टोपी कडक. पेटी माझ्या पायाशी. त्यो खिडकीला, मी शेजारी. रुईछत्तीशी आली तवा त्यो माझ्याकडं वळला. मंग हळूच इचारलं, "दगडूभाऊ, माझं किती दिस मोजायचं?"

"तुमचं काई मोजायचं नसतंय. कवाबी चालतंय. एक ल्हान बाटली, घटकाभराचं काम."

"घटकाभराचं?"

"व्हय."

त्यो बाहेर बघाय लागला. बाहेर बघन्यासारखं काई न्हवतं, सगळी उघडी माळजमीन. मंग म्हनला, "मंग तिचं महिनं महिनं का मोजत बसला? माझंच पयलं का न्हाई बघितलं?"

उत्तर हुतं माझ्याकडं. बाई पयल्या दिसापासनं मला सांगत हुत्या, प्रत्येक बाईच्या वख्ताला, प्रत्येक खेपंला, "दगडू, नवऱ्यालाही निरोप दे, आधी त्याला घेऊन ये." आन मी म्हनायचो, व्हय बाई. आन दोन वर्सांत एकाबी गड्याला मी त्यो निरोप दिला न्हवता. गड्याला असलं कसं सांगायचं? बायांचं मूत मी जिल्हाभर वाहिलं, पन गड्याच्या मनाला खरचटू दिलं न्हाई.

मी त्येला ह्येच सांगितलं, हाय तसं. त्येनं ऐकून घेतलं. मंग त्यो उठला, माझ्या गुडघ्यांवरनं, पेटीवरनं पाय टाकत निघाला, आन पार मागच्या शिटावर जाऊन बसला. मी त्येच्या जागंवर, खिडकीशी सरकलो न्हाई. पेटी धरून नगरपतोर उभाच राहिलो.